भाऊसाहेबांनी नापास केलेलं घड्याळ

दिल्लीतल्या मराठी माणसाला फ्रिज घ्यायचा असो, जुनी गाडी घ्यायची असो, की नुसता मिक्सर, तो दुकानात जायच्या आधी फरीदाबादला फोन लावतो. फरीदाबादला भाऊसाहेब बिवलकर राहतात. त्यांच्या स्वतःच्या घरातला मिक्सर मुलीच्या जन्माच्या वेळचा आहे आणि तो चालू केला की दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो, हा भाग वेगळा.

भाऊसाहेबांची उभी नोकरी केंद्र सरकारसाठी माल तपासण्यात गेली. सरकारला पंखे हवेत, कुलपं हवीत, मच्छरदाण्या हव्यात, की आधी त्यांचे नमुने भाऊसाहेबांच्या टेबलावर यायचे. पंख्याला ते कान लावायचे, कुलूप किल्लीच्या टोकाने खरवडायचे, मच्छरदाणीत स्वतः शिरून बसायचे. मग शिक्का मारायचे, आणि तो बहुतेक वेळा नापासाचा असायचा. पास काय, कोणीही करतो, असं त्यांचं म्हणणं. खोट काढायला नजर लागते.

पुढे ते निवृत्त झाले, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं, फरीदाबादला स्वतःचा फ्लॅट झाला, पण नजर काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्याचा दुधी, शेजाऱ्यांचा नवा सोफा, मुलीने पसंत केलेला मुलगा, सगळ्यांची तपासणी होऊ लागली. मुलगा काठावर पास झाला, तोही एकुलती एक लेक केतकी समोर उभी राहून "बाबा, मी विचारत नाहीये, सांगतेय" म्हणाली म्हणून.

मुलगा पंजाबी होता. त्याचे वडील तिलकराज भसीन, करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं मोठं दुकान. आवाज मोठा, देह मोठा, हसणं त्याहून मोठं. भाऊसाहेब हातभर अंतर ठेवून नमस्कार करणारे, तर तिलकराज माणूस दिसला की कवेत घेणारे. एवढ्या मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचा माल हलका असतो, असं भाऊसाहेबांनी पहिल्याच भेटीनंतर बायकोला सांगून टाकलं होतं. केतकीने ते ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, माझ्या सासरच्यांकडे एकदा तरी माणसं म्हणून बघा ना. तुम्ही त्यांना नमुना आल्यासारखं बघता." भाऊसाहेबांना ते लागलं. पण लागलं तरी बघणं काही बदललं नाही.

पंजाबी लग्नात मिलनी असते. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप सगळ्यांसमोर गळाभेट घेतात, आणि ज्याच्या अंगात ताकद असेल तो दुसऱ्याला उचलतो. तिलकराजांनी बँडच्या ठेक्यावर भाऊसाहेबांना असं उचललं की त्यांची एक चप्पल ढोलवाल्याच्या पायाशी जाऊन पडली. खाली ठेवल्यावर गाडीतून एक भलामोठा डबा मागवला आणि तो त्यांच्या हातात दिला.

"समधी जी, दो ली हैं. एक मेरी, एक आपकी. सेम टू सेम." तिलकराजांनी बाही सारून आपलं मनगट दाखवलं. "अब दोनों बाप एक ही टाइम पे चलेंगे."

दोन घेतली म्हणजे एकावर एक फुकट असणार, हे भाऊसाहेबांनी एका पायातल्या चपलेनिशी ओळखलं. रिवाजाप्रमाणे त्यांनी व्याह्यांच्या अंगावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. तेव्हा मात्र विचित्रच झालं. तो धिप्पाड माणूस शालीकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "सारी उम्र दुकान में निकल गई जी," तो म्हणाला, "आज तक किसी ने शॉल नहीं ओढ़ाई."

लग्न उरकल्यावर डबा उघडून तपासणी झाली. हेमलताबाई, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, लाडू डब्यात भरत समोर बसल्या होत्या.

"हे घे, हातात घे आणि सांग," भाऊसाहेब म्हणाले. "वजन बघितलंस? वरवंटा आहे. चांगलं घड्याळ कसं हलकं असतं. ह्यात शिसं भरलंय."

"दिसतंय मात्र छान," हेमलताबाई म्हणाल्या.

"काय छान? रंग बघ. स्टील कसं लखलखतं. हे करडं. पॉलिश आत्ताच गेलंय. तारीख नाही, वार नाही, आकडे नाहीत, नुसत्या रेघा मारल्यात. आणि रोज चावी द्यायची! सेलचा खर्चसुद्धा वाचवलाय पठ्ठ्याने. कंपनीचं नाव वाच. ऐकलंयस कधी? अगं, नक्कल करणारासुद्धा नावाजलेल्या कंपनीची करतो. ही धड नक्कलही नाही."

"पाठीमागे काहीतरी कोरलंय. नऊशे पन्नास."

"मॉडेल नंबर." भाऊसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि घड्याळाच्या कडेला, पट्टा अडकवतात तिथे, कुलपावर ओढायचे तशी एक रेघ ओढली. रेघ लोण्यात उमटावी तशी उमटली. "बघ. मऊ. आणि डबा बघ केवढा! माल छोटा असला की डबा मोठा करतात. गॅरंटीचा कागद तेवढा नाही. नापास."

"अहो, व्याह्यांनी दिलंय. घाला की चार दिवस."

"मनगट दुखेल," भाऊसाहेब म्हणाले, आणि घड्याळ आहेराच्या कपाटात गेलं.

आहेराचं कपाट ही काय चीज आहे, ते दिल्लीतल्या मराठी घरात सांगावं लागत नाही. आलेला आहेर आपल्याला नको असेल तर तो तिथे ठेवायचा आणि पुढच्या मंगलकार्याला तिथूनच उचलायचा. त्यात लबाडी नाही, सगळेच करतात, आणि सगळेच करत असल्यामुळे कोणी बोलत नाही. मात्र दिलेली वस्तू देणाऱ्याच्याच घरी परत जाऊ नये म्हणून हेमलताबाई डब्याच्या बुडाशी पेन्सिलीने देणाऱ्याचं नाव लिहीत. द्यायची वेळ आली की नाव रबराने खोडायचं आणि वर नवा कागद चढवायचा. इतका चोख कारभार भाऊसाहेबांच्या खात्यातही नव्हता. व्याह्यांच्या अंगावर पडलेली शालही ह्याच कपाटातली. दिल्लीच्या मराठी मंडळाने भाऊसाहेबांचा निवृत्तीचा सत्कार केला होता, तेव्हाची. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

तर घड्याळाच्या डब्याखाली "भसीन" लिहिलं गेलं, काही महिन्यांनी ते खोडलं गेलं, आणि सरोजिनी नगरच्या श्रीपाद राजाध्यक्षांच्या साठीशांतीला तो डबा सोनेरी कागदात मार्गी लागला. कपाटात जागा झाली. विषय संपला.

म्हणजे भाऊसाहेबांच्या बाजूने संपला. तिलकराज जेव्हा जेव्हा भेटत तेव्हा पहिला प्रश्न एकच. "समधी जी, घड़ी कैसी चल रही है?"

"फर्स्ट क्लास," भाऊसाहेब सांगत. "खास मौके के लिए रखी है."

"ओ जी, रखने के लिए थोड़ी दी है!" तिलकराज हसत आणि स्वतःचं मनगट पुढे करत. त्यांच्या हातावर ते रोज असे. मधल्या काळात केतकीला मुलगा झाला, करोल बागेत भसीनांच्या घरी मोठ्या थाटात बारसं झालं, फरीदाबाद-नोएडापासून झाडून सगळी मराठी मंडळी जेवून गेली. तिथेही पाळण्याशेजारी उभं राहून तिलकराजांनी तेच विचारलं आणि भाऊसाहेबांनी तेच उत्तर दिलं.

आणि मग ह्या जानेवारीत उन्मेषचा फोन आला. उन्मेष म्हणजे गुरुग्रामच्या कुठल्याशा कंपनीत बढती मिळालेला, मंडळातला तरुण मुलगा.

"काका, स्वतःला एक गिफ्ट देतोय. प्लॅटिनमचं घड्याळ. काय काय बघून घ्यायचं असतं, यार, काही कळत नाहीये. तुम्ही सांगाल तसं."

प्लॅटिनमचं घड्याळ भाऊसाहेबांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण "मला माहीत नाही" हे वाक्य त्यांनी आजवर कोणाला ऐकवलेलं नव्हतं, आणि ते आता उन्मेषला ऐकवण्याचा प्रश्नच नव्हता. "दोन दिवस दे," ते म्हणाले, आणि मफलर गुंडाळून मेट्रोने थेट कॅनॉट प्लेस गाठलं.

शोरूममधला विक्रेता पांढरे हातमोजे घालून होता. समोर काळी मखमल पसरून त्याने त्यावर एक घड्याळ असं ठेवलं, जसं काही बाळ झोपलंय. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. घड्याळ करडं होतं. आकडे नव्हते, नुसत्या रेघा होत्या.

"हाथ में लीजिए, सर. फील कीजिए."

भाऊसाहेबांनी ते तळहातावर घेतलं, आणि डोक्याच्या आधी हाताला कळलं. वरवंटा. हे वजन ह्या हाताने एकदा उचललेलं होतं. पण मुरलेला तपासनीस तो, एवढ्यावर कबूल कसा होणार?

"इतना जड... भारी क्यों है? शिसं, मतलब सीसा, तो नहीं भरते?"

विक्रेता मनापासून हसला. "सर मज़ाक बहुत अच्छा करते हैं. प्लैटिनम है सर, स्टील से दुगने से भी ज़्यादा भारी. इसीलिए हम कहते हैं, लेने से पहले थोड़ी देर पहन के घूमिए. किसी-किसी को हाथ पे भारी लगती है. तब चमड़े का पट्टा लीजिए, पूरी प्लैटिनम की चेन मत लीजिए."

"और यह रंग? पॉलिश उड़ गया क्या?"

"पॉलिश है ही नहीं, सर. व्हाइट गोल्ड पे चढ़ाते हैं, वो सालों में पीला मारता है. यह धातु का अपना रंग है. जो नहीं जानता, वो स्टील समझता है." इथे विक्रेत्याने आवाज खाली आणला. "असली शौक़ीन इसीलिए लेते हैं, सर. दिखावा नहीं. जो जानता है, वही जानता है."

भाऊसाहेबांनी मफलर सैल केला. तारीख का नाही, हे त्यांनी विचारलं. जितकं साधं तितकं उंची, असं उत्तर आलं. चावी का द्यायची? हाताने चावी देणं हाच तर शौक. त्यांना आता थांबावंसं वाटत होतं, पण नोकरीची सवय, यादीतला प्रश्न गाळता येईना.

"खरोंचा, म्हणजे किल्ली से लाइन मारा तो?"

"आ जाती है, सर. नरम होती है. पर मज़े की बात बताऊँ? दूसरी धातु घिसती है, प्लैटिनम बस सरकता है. लाइन पड़ती है, माल उतना ही रहता है. हाँ, पॉलिश ऐरे-ग़ैरे से मत कराना. और डिब्बा और काग़ज़ सँभाल के रखिए. बेचने जाओ तो बिना डिब्बे की घड़ी को लोग हाथ नहीं लगाते."

भाऊसाहेबांनी घड्याळ अगदी सावकाश उलटं केलं. पाठीमागे बारीक अक्षरांत कोरलं होतं.

"यह नौ सौ पचास... मॉडेल नंबर?"

"शुद्धता, सर. हज़ार में नौ सौ पचास हिस्सा प्लैटिनम. लेते वक़्त सबसे पहले यही देखना चाहिए."

बाजूच्या चिठ्ठीवर किंमत होती. ती इथे सांगत नाही, कारण हेमलताबाईंना अजून सांगितलेली नाही. भाऊसाहेबांनी ती एकदा वाचली, चिठ्ठी पालथी घातली आणि पाणी मागितलं.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळूनही ते उभेच राहिले. पैशाचं वाईट वाटत होतं, नाही कसं, माणूस आहे. पण पैशाहून जास्त ते "घड़ी कैसी चल रही है" कानात वाजत होतं. त्या माणसाने किंमत सांगितली नाही. धातू कुठला ते सांगितलं नाही. लग्नात एवढ्या मोठ्या आवाजात सगळं बोलला आणि नेमकं हेच बोलला नाही. त्याने आपल्या हातावर जे बांधलं तेच समोरच्याला दिलं, आणि समोरच्याने ते किल्लीने खरवडून राजाध्यक्षांच्या साठीशांतीला देऊन टाकलं. केतकीला हे कळलं तर? ती ओरडणार नाही. नुसती बघेल. आणि रविवारी तर भसीन मंडळी नातवाला घेऊन प्रथमच फरीदाबादला जेवायला येणार होती.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. हेमलताबाई ऐकत गेल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "शिसं भरलंय म्हणाला होतात."

"अगं, आता ते काढू नकोस. पद्मजावहिनींना फोन लाव."

पद्मजा ही श्रीपाद राजाध्यक्षांची बायको. पण दिलेल्या आहेराची चौकशी करणार कशी? ह्या गोष्टीसाठी भाषेत शब्दच नाहीत. हेमलताबाईंनी हवापाणी केलं, गुडघे केले, मग हळूच म्हणाल्या, "ते साठीला दिलेलं घड्याळ आहे ना, त्याचा गॅरंटीचा कागद आमच्याकडेच राहिलाय. नंबर जुळतो का बघायचं होतं. जरा काढता का?"

"अय्या, हे घालूनच गेलेत बाहेर," पद्मजाबाई तत्काळ म्हणाल्या. "एक मिनिट हातावरून काढत नाहीत."

एवढ्यात फोनवर मागून श्रीपादरावांचा आवाज आला. "कोणाचा फोन? कसलं घड्याळ?"

मग पद्मजाबाईंनी नाइलाजाने सांगितलं, की यांना ते फार जड होत होतं हो, आणि नोएडाच्या सलोनी-यतीनची वास्तुशांत अचानक निघाली, आणि त्या दिवशी सरोजिनी नगरचं मार्केट नेमकं बंद. राग मानू नका. हेमलताबाई म्हणाल्या, छे, राग कसला. आणि तो त्यांना खरंच नव्हता. कोणत्या तोंडाने असणार?

सलोनीला फोन लावला. ती दिल्लीत वाढलेली, तिच्याकडे आडपडदा नाही. "अच्छा, ते घड्याळ! हो काकू, पद्मजाकाकूंनी दिलं होतं. ते तर आम्ही..." आणि ती थांबली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "काकू, सॉरी यार. ते आम्ही तुमच्याच नातवाच्या बारशाला दिलं. काही आणायला वेळच मिळाला नाही. पण मी खाली बघितलं होतं ना, राजाध्यक्ष लिहिलं होतं. म्हटलं भसीनांकडे द्यायला बिल्कुल हरकत नाही."

हेमलताबाईंनी फोन ठेवला आणि आपल्या चोख कारभारातलं भोक त्यांना तेव्हा कुठे दिसलं. प्रत्येक घर मागचं एकच घर लिहीत होतं आणि त्याच्या मागचं खोडत होतं. वस्तू देणाऱ्याकडे परत जाऊ नये म्हणून केलेल्या सगळ्या खबरदारीनिशी घड्याळ सुखरूप तिलकराज भसीनांच्या घरी परत पोचलं होतं.

"त्यांनी उघडलं नसेल," भाऊसाहेब म्हणाले. "आपण कुठे उघडतो? पंजाब्यांकडेही असेल की आहेराचं कपाट."

"ते त्याच संध्याकाळी सगळं फाडून बघतात. केतकीनेच सांगितलंय."

रविवारपर्यंत भाऊसाहेबांचं वजन थोडं उतरलं. शनिवारी ते कोणाला न सांगता बाजारात गेले आणि जन्मभर माल नापास करणाऱ्या त्या माणसाने फुटपाथवरून एक घड्याळ विकत घेतलं. करडं, बिनतारखेचं, आकड्यांच्या जागी रेघा. ना खरवडून पाहिलं, ना कान लावला. हातात घेतलं तर ते चांगल्या घड्याळासारखं हलकं होतं, आणि त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

रविवारी भसीन मंडळी आली. तिलकराजांच्या अंगावर तीच शाल होती. "थंडीत दुसरं काही घालतच नाहीत," केतकी हसत म्हणाली. "दुकानात पण हीच. आणि नारळ अजून गल्ल्याशेजारच्या देव्हाऱ्यात आहे. कोणाला हात लावू देत नाहीत." भाऊसाहेबांनी स्वेटरची बाही बोटांपर्यंत ओढली. पुरणपोळीवर तुपाची धार पडली, तिलकराजांनी मागून मागून खाल्ली, आणि भाऊसाहेबांना एक पोळी संपेना.

जेवणं झाल्यावर बायका नातवाला घेऊन आत गेल्या. जावई सोफ्यावर आडवा झाला. दोन्ही बाप उन्हात बाल्कनीत खुर्च्या टाकून संत्री सोलत बसले.

"टाइम क्या हुआ, समधी जी?" तिलकराजांनी विचारलं.

त्यांच्या स्वतःच्या हातावर घड्याळ होतं. भाऊसाहेबांनी बाही बोटभर मागे घेतली, वेळ सांगितली आणि बाही पुढे ओढली.

तिलकराजांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. "आपकी तो आगे भाग रही है."

नापास मालाला पासाचा शिक्का भाऊसाहेबांनी कधी मारला नव्हता. आज मनगटावर मारला होता आणि तो त्यांना जळत होता. त्यांनी फुटपाथवरचं घड्याळ काढून संत्र्याच्या सालींशेजारी ठेवलं.

"तिलकराजजी, यह वो नहीं है. आपका घड़ी मैंने... आपने दिल से दिया था, और मैंने उसको नापास किया. स्टील समझा. सस्ता समझा. किल्ली से घिस के देखा, और फिर आहेर में दे दिया." त्यांनी सालींवरून नजर उचलली. "और मैंने सिर्फ घड़ी को सस्ता नहीं समझा."

तिलकराजांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. मग खुर्चीखालच्या आपल्या पिशवीतून त्यांनी तो भलामोठा डबा काढला. बुडाशी तीन घरांनी रबर घासघासून पुठ्ठ्याचा रंग उडाला होता.

"मुन्ने के फंक्शन वाली रात पैकेट खोले," ते म्हणाले. आवाज इतका हळू, की हा माणूस असंही बोलू शकतो हे भाऊसाहेबांना माहीत नव्हतं. "अपनी ही घड़ी निकली. पहले तो मैं समझा, समधी जी के यहाँ चोरी हुई है और चोर इतना शरीफ़ है कि शगुन में दे गया. फिर मैंने बहू से ऐसे ही पूछा कि तुम लोगों में गिफ़्ट का क्या सिस्टम है. उसने हँस-हँस के अलमारी वाली सारी बात बता दी. उसको नहीं पता मैं क्यों पूछ रहा था."

"केतकी को मालूम नहीं?"

"बाप की ऐसी बात बेटी को कौन बताता है जी?"

भाऊसाहेबांना समोरचं नीट दिसेना. तिलकराजांनी डब्यातून घड्याळ काढलं आणि कडेच्या त्या रेघेवर अंगठा फिरवला. "यह लाइन आपने मारी?"

"हाँ. टेस्ट."

तिलकराजांनी आपलं घड्याळ काढून शेजारी धरलं. पट्टा अडकवतात त्याच जागी, तेवढीच एक रेघ.

"मैंने भी मारी थी," तिलकराज म्हणाले. "दुकान में, लेने से पहले. चाबी से. सेल्समैन की तो चीख निकल गई. ओ जी, उम्र भर पुर्ज़े बेचे हैं, बिना खरोंचे माल कौन लेता है?" आणि मग ते हसले, नेहमीचं, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं. भाऊसाहेबही हसले, आणि हसता हसता मफलरने डोळे पुसले.

तिलकराजांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि घड्याळ बांधलं. मनगट जड झालं. ते जडपण भाऊसाहेबांना फार बरं वाटलं. आता एवढं मन मोकळं झालंच आहे तर सगळंच सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी व्याह्यांच्या अंगावरच्या शालीकडे पाहून तोंड उघडलं. "तिलकराजजी, एक और बात. यह जो शॉल..."

"शॉल का मत बताना, समधी जी," तिलकराज घाईने म्हणाले आणि शाल खांद्यावर घट्ट ओढली. "मुझे पसंद है."

दाराशी केतकी आली. नातू कडेवर होता. "काय एवढं हसताय दोघं? आणि बाबा, घड्याळ घातलंत? शेवटी खास मौका मिळाला वाटतं!"

"मिळाला," भाऊसाहेब म्हणाले.

तिलकराजांनी रिकामा डबा बंद केला. भाऊसाहेबांनी तो घ्यायला सवयीने हात पुढे केला, पण तिलकराजांनी डबा परत पिशवीत सारला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "घड़ी आपकी. डिब्बा मेरे पास रहेगा."

संध्याकाळी उन्मेषचा फोन आला. भाऊसाहेबांनी त्याला सगळं रीतसर सांगितलं. नऊशे पन्नास कोरलेलं बघ, वजन थोडा वेळ हातावर घालून बघ, कोणी स्टील समजलं तर समजू दे, रेघ पडली तर जीव टाकू नकोस, माल तेवढाच राहतो. कागद जपून ठेव.

"आणि काका, डबा? डबा पण जपायचा असतो ना?"

भाऊसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळाला चावी दिली.

"डबा," ते म्हणाले, "घरात ठेवायचा नाही."